भुंग्याची रेकॉर्ड

पियानोवर बोटं पडली की त्याच्या गळ्यातून आवाज निघायचा. गाणं म्हणावं तर त्यात शब्द नाहीत, कण्हणं म्हणावं तर त्याला ताल आहे, असा काहीतरी अधलामधला प्रकार. तोंड मिटलेलं असायचं. आवाज नाकातून यायचा की घशातून, कोण जाणे, आणि गंमत म्हणजे जगाला ऐकू जाणाऱ्या या आवाजाचा पत्ता फक्त त्याला नसायचा.

लहानपणी त्याला शिकवायला येणाऱ्या बाई फार वैतागायच्या. "तोंड बंद," त्या म्हणायच्या. तो मान वर करून दाखवायचा की बाई, बंदच आहे. वरच्या मजल्यावरची शेजारीण एकदा दार वाजवून विचारून गेली की घरात कोणी आजारी आहे का. त्याचे वडील घरसामान हलवायचा ट्रक चालवत. कुणीतरी घर रिकामं करताना एक पियानो नको म्हणाला आणि वडिलांनी 'फुकट ते पौष्टिक' म्हणून तो उचलून आणला होता. पियानोने अर्धी खोली अडवली होती आणि आता वर हा आवाज. आई म्हणायची, "पियानो एक वेळ विकता येईल, याचा गळा कुठे विकायचा?"

भुंगा हे नाव त्याला बायकोने दिलं, तेही बायको होण्याच्या आधी. तो तेव्हा एका पियानोच्या दुकानात कामाला लागला होता. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर दोन चाली वाजवून पियानो गळ्यात मारायचा, हे त्याचं काम. एकदा परगावच्या कारखान्याला फोन लावायचा होता. टेलिफोन एक्सचेंजमधली मुलगी म्हणाली, "लाइनवर राहा." तो राहिला. एका हातात फोन, दुसरा हात सहज समोरच्या पियानोवर. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "अहो, तुमच्या लाइनमध्ये भुंगा शिरलाय का?"

पुढे त्याला कारखान्याशी बोलायचं नसलं तरी तो फोन लावू लागला. लग्न झालं, नाव चिकटलं. दुकानाचा मालकही त्याला भुंगा म्हणू लागला, आणि आपल्यालाही तेच सोयीचं पडेल.

तो काळ जाझच्या जगात मोठा चमत्कारिक होता. आधीच्या पिढीने वेगाची कमाल करून ठेवली होती. एका दमात किती सूर कोंबता येतात याची चढाओढ लावून ती मंडळी आता घामाघूम झाली होती. भुंग्याच्या वयाची पोरं उलटा विचार करत होती. सूर कमी वाजवले तर? ठरलेल्या रस्त्याने निघालेली चाल मध्येच एखाद्या गल्लीत वळवली तर? ऐकायला हे फार छान वाटतं, पण तिघं मिळून वाजवत असताना एकाने वळण घेतलं की उरलेल्या दोघांना ते त्याच क्षणी कळावं लागतं. नाहीतर तिघं तीन गल्ल्यांत आणि श्रोते घरी.

भुंग्याचे तिघे मात्र कधी चुकत नसत. एका उपाहारगृहाच्या माडीवर शनिवार-रविवारी ते वाजवायचे. ड्रमवर पत्र्या. लहानपणी शेजाऱ्यांच्या छपराचे पत्रे बडवून त्याने हे नाव कमावलं होतं. आणि डबल बेसवर, म्हणजे माणसाहून उंच, पोटाला टेकवून वाजवायच्या त्या धिप्पाड वाद्यावर, खांब. खांब सहा फुटांच्या वर होता आणि बोलायचा जवळजवळ नाहीच. भुंगा चाल कुठेही नेवो, अगदी स्वतःला न सांगता नेवो, खाली खांबाचा सूर आधीच येऊन थांबलेला असायचा. लोक खांबाला विचारायचे, तुला कळतं कसं? तो खांदे उडवायचा आणि वाद्याला खोळ घालायला लागायचा.

एका लहानशा रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने त्यांना तिथेच ऐकलं. त्याच्याकडे एक दुपार मोकळी होती, कारण ज्या गायिकेसाठी स्टुडिओ घेतला होता तिचा घसा बसला होता. "येता का?" त्याने विचारलं. पत्र्याने होकार देऊन झाल्यावर बाकीच्या दोघांना सांगितलं.

स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं गालिच्यांचं गोदाम. भिंतींना अजून लोकरीचा वास होता. भुंग्याने सुरुवात केली आणि काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने हात वर केला. "हा आवाज कसला येतोय?" त्याने तारा तपासल्या, खुर्ची बदलली. शेवटी पत्र्याने हसत भुंग्याकडे बोट दाखवलं. मग माइक हलवून झाला, पियानो आणि भुंग्याचं तोंड यांच्यामध्ये घोंगडं टांगून झालं. काही केल्या जमेना, तेव्हा रेकॉर्डिस्टने खिशातून आगपेटी काढली आणि एक काडी भुंग्याच्या हातात दिली. "ही दातांत धरा. तोंडाला काम मिळालं की गळा गप्प बसतो."

भुंग्याने काडी धरली. गळा खरंच गप्प बसला. पण तिघांचं वाजवणं असं झालं की जणू तीन अनोळखी माणसं एका बाकावर बसली आहेत. खांब दोन-तीनदा थांबला. मग बेस भिंतीला टेकवून तो पियानोपाशी आला आणि म्हणाला, "काडी काढ." त्या दिवशी तो याहून फारसं काही बोलला नाही. भुंग्याने काडी काढली आणि पुढचं सगळं सरळ होत गेलं.

सगळ्यांत शेवटी त्यांनी एक संथ चाल घेतली. ती भुंग्याने बायकोसाठी बांधली होती आणि तिचं नावच 'लाइनवर राहा' असं होतं. चाल एका सुरावरून निघायची, भटकायची, घराजवळ यायची आणि आत न शिरता पुन्हा निघून जायची. घरात शिरायचं ते अगदी शेवटच्या फेरीत. त्या दिवशी शेवटच्या फेरीत पियानो एका सुरावर उतरला आणि बेस दुसऱ्या. क्षणभरच, पण दाराची चौकट कपाळाला लागावी तसं झालं.

टेप पुन्हा ऐकवली तेव्हा भुंगा खोलीत नव्हता. आपल्या गळ्याचा तो आवाज चारचौघांत ऐकायला लागू नये म्हणून तो जिन्यात जाऊन उभा राहिला होता. रेकॉर्डिस्टने बाहेर येऊन सांगितलं, "बाकी झकास आहे, शेवटी बेस घसरलाय. पण वेळ संपली." मागोमाग खांब आला. जिन्यातल्या भुंग्याकडे त्याने जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "माझं थोडं इकडेतिकडे झालं."

"चालायचंच," भुंगा मोठ्या मनाने म्हणाला.

रेकॉर्ड निघाली. एका वर्तमानपत्राने तिच्यावर दोन वाक्यं खर्च केली. 'पियानो बरा आहे, मात्र वादकाच्या पोटात सारखं दुखत असावं असं वाटत राहतं. बेसवाला ऐन शेवटी वाट चुकतो.' झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. ते लिहिणाऱ्याचं पुढे काय झालं माहीत नाही, बहुधा त्याची पचनशक्ती उत्तम राहिली असेल. पण भुंग्याच्या दुकानात गिऱ्हाईकं पोट धरून यायची आणि विचारायची, "आज कसं आहे?" मालकसुद्धा हसायचा. भुंगाही हसायचा, आणि घरी येऊन गप्प बसायचा. ती रेकॉर्ड त्याने एकदाही लावून ऐकली नाही. कपाटावर, छत्र्यांच्या मागे ती जाऊन बसली.

आणि काडी आली. दुकानात काडी, माडीवर काडी, घरी सरावालाही काडी. पियानोवर आगपेटी कायमची ठेवलेली असायची. वर्षभरात खांबाने सांगितलं की त्याला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आहे, पाळ्या असतात, आता शनिवार-रविवार जमायचं नाही. भुंग्याला वाटलं, वर्तमानपत्रातलं ते वाक्य खांबाच्या फार मनाला लागलं. बेसवाल्यावाचून तिघांचे दोघे झाले, आणि दोघांचं फार दिवस चाललं नाही. पत्र्या पुढे मुलीकडे दूरदेशी राहायला गेला.

मैत्री मात्र तुटली नाही. रविवारी खांब आणि वहिनी, म्हणजे खांबाची बायको, पत्ते खेळायला यायची. डाव रंगात आला की भुंगा हमखास म्हणायचा, "बघ हं, ऐन शेवटी वाट चुकशील." किंवा, "तुझा तो भलता सूर आठवतो का रे?" खांब हसायचा. वहिनी पत्त्यांकडे बघत राहायच्या. हा विनोद भुंग्याने किती वर्षं चालवला असेल याचा हिशेब नको. विनोद करणाऱ्याला तो कधी जुना वाटत नाही.

"तुमचं वाजवणं काडी आल्यापासून इस्त्री केल्यासारखं झालंय," बायको एकदा म्हणाली होती. एक्सचेंजमध्ये दिवसभर लोकांचे आवाज जोडून तिचा कान तयार झाला होता. कोण खोटं बोलतंय, कोण रडून आलंय, तिला 'हॅलो'वरून कळायचं.

"इस्त्री केलेलं वाईट असतं का?"

"नाही. पण आत कोणी दिसत नाही."

तो चिडला होता. तिला काय जातं बोलायला, पोट तिचं दुखत नव्हतं.

खांब काही वर्षांपूर्वी गेला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस शेवटचे महिने जिने चढू न शकणारा झाला होता आणि त्यावर तो स्वतःच हसायचा. भुंग्याने त्याच्या मागे पत्ते खेळणं सोडलं. वहिनींकडे तो आणि बायको अधूनमधून जात, पण चौथा भिडू नसला की गप्पांचाही डाव बसत नाही.

आणि मग, सगळं विसरून झाल्यावर, फोन आला. एक तरुण बाई बोलत होती. जुन्या, हरवलेल्या रेकॉर्ड शोधून पुन्हा काढणाऱ्या एका लहान कंपनीत ती आवाजाची सफाई करायची. त्यांना मूळ टेप मिळाली होती. जगात इकडेतिकडे काही माणसं ही रेकॉर्ड शोधत होती म्हणे, आणि कुणाकुणाने 'लाइनवर राहा' पाठ करून वाजवायलाही घेतलं होतं.

भुंग्याला आधी वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. मग त्याने घसा साफ करून एकच विचारलं. "तो आवाज काढता येतो का?"

"कुठला, सर?"

"माझ्या गळ्याचा."

"आता येतो," ती म्हणाली. "पूर्वी नव्हता येत. आता यंत्र प्रत्येक आवाजाचा पदर वेगळा करतं. तुमची परवानगी असेल तर पूर्ण काढून टाकू."

भुंग्याने फोन ठेवला. त्याचं वय झालं होतं. गुडघे गेले होते, एक डोळा मोतीबिंदूचा होता. या वयात माणसाच्या इच्छा आखूड होतात. भुंग्याची एकच उरली होती, आणि ती त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती. डोळे मिटायच्या आधी एकदा आपले नुसते हात ऐकायचे होते, आणि लोकांनीही नुसते हातच ऐकावेत असं वाटत होतं.

"मग जाऊया की," बायको म्हणाली. तिच्या आवाजात उत्साह नव्हता, हे त्याच्याही कानाला कळलं. पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

स्टुडिओ या वेळी एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होता. लिफ्टमध्ये शिरताना भुंग्याने सवयीने दाराच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. खांब नेहमी तिथे बघायचा, म्हणायचा की लिफ्टची तब्येत तिथे कळते. वर आवाजवाल्या मुलीने दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. समोरच्या पडद्यावर चार पट्ट्या होत्या. पियानो, बेस, ड्रम, आणि चौथीचं नाव तिने 'इतर' असं ठेवलं होतं.

"इतर म्हणजे मी," भुंगा बायकोला म्हणाला.

मुलीने चौथी पट्टी बंद केली आणि पहिली चाल लावली.

भुंग्याने हात ऐकले. कसे होते ते हात. तरुण, कोरडे, नेमके, घाई नसलेले. त्याला वाटत होतं त्याहून कितीतरी चांगले. डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत, कारण हे रडणं अभिमानाचं होतं. एकेक चाल होत गेली. मध्येच बायको हळूच म्हणाली, "तिघं जरा लांब लांब बसल्यासारखे वाटतात नाही?" त्याने तिला हातानेच गप्प केलं.

शेवटी 'लाइनवर राहा' लागली. शेवटची फेरी आली. पियानो एका सुरावर, बेस दुसऱ्या. गुणगुण नसल्यामुळे ते आता फारच उघडं पडलं होतं.

मुलीने थांबवलं. "सर, इथे बेस चुकलाय. बेस वाजवणारे आता नाहीत ना? तुम्ही हो म्हणालात तर मी तो सूर सरकवून पियानोला जुळवते. कळणारसुद्धा नाही."

"सरकव," भुंगा म्हणाला. मग त्याला खांबाची आठवण आली आणि बरं वाटलं. चला, त्याचीही चूक झाकली जाईल. इतकी वर्षं चिडवलं बिचाऱ्याला. "आयुष्यभर त्याला तेवढं एक लागून राहिलं होतं," तो मुलीला म्हणाला.

तिने मान डोलावली आणि सरकवायच्या आधी नेमकी जागा पाहायची म्हणून चौथी पट्टी पुन्हा उघडली. खोलीत भुंगा शिरला.

त्याने अंग चोरून घेतलं. इतक्या वर्षांनीही कान तापले. पण मुलगी आपल्या कामात होती. ती त्या जागी मागेपुढे करत होती, आणि तिसऱ्यांदा आवाज गेला तेव्हा भुंग्याची मान वर आली.

"थांब. फक्त गळा लावता येईल? आणि बेस?"

तिने पियानो बंद केला, ड्रम बंद केला. उरले दोघं. गुणगुण पुढे आणि बेस तिच्या पाठोपाठ, खाली, शांतपणे. गळा वळला की बेस वळे. गळा रेंगाळला की बेस रेंगाळे. शेवटची फेरी आली, गळा घराच्या सुरावर उतरला, आणि श्वासभर मागून बेस त्याच सुरावर उतरला. एकदम बिनचूक. दोघं एकत्र घरात शिरले आणि दार लागलं.

"आता हात," भुंगा म्हणाला.

तिने पियानो उघडला. हात शेजारच्याच सुरावर पडले होते.

मुलीला कळलं होतं, पण मोठ्या माणसाला कसं सांगायचं म्हणून ती पडद्याकडे बघत राहिली. शेवटी बायकोच म्हणाली, "दोघं बरोबर घरी गेले. तुमचे हात तेवढे शेजाऱ्यांकडे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि फाशी दिली ती भुंग्याने स्वतः, दर रविवारी, पत्त्यांच्या डावात, हसत हसत. वाजवताना त्याच्या डोक्यात गळ्यातलाच सूर घुमत होता, त्यामुळे हात कुठे पडले ते त्याला कळलंच नाही. कळलं असतं ते टेप ऐकताना, तर तेव्हा तो जिन्यात लाज धरून उभा.

मुलीने घाईघाईने तोडगा काढला. बिचारीचं मन चांगलं होतं. "सर, मग सोपं आहे. बेसला हात लावत नाही. पियानोचाच सूर सरकवते. गळा काढलेला आहेच. म्हणजे कुणाचीच चूक नाही, सगळं स्वच्छ."

खरंच सगळं स्वच्छ झालं असतं. त्याचे हात चोख, गळा गप्प, खांब निर्दोष. भुंग्याला हवं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं, वर थोडं जास्तच. तरी त्याला हो म्हणवेना, आणि का म्हणवत नाही तेही सांगता येईना. "उद्या कळवतो," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने वहिनींना फोन लावला. काय आणि कसं सांगायचं हे न ठरवताच त्याने सगळं सांगून टाकलं. पलीकडे इतकी शांतता होती की त्याला वाटलं लाइन तुटली.

"वहिनी?"

"आहे मी. ऐकते आहे." मग त्या म्हणाल्या, "हे मला ठाऊक होतं, भावोजी. यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"की भुंगा जिन्यात तोंड पाडून उभा होता. आधीच गळ्यापायी मेल्याहून मेल्यासारखा झालेला. त्यात आणखी हातही चुकले हे कशाला ऐकवायचं? म्हणून म्हणाले, माझं चुकलं. माझं काय जात होतं त्यात? असं तेच म्हणाले हं, मी नाही."

भुंग्याने फोन दोन्ही हातांनी धरला.

"आणि वाजवायचं सोडलं ते नोकरीमुळे नाही," वहिनी पुढे म्हणाल्या. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, आता थांबणार नव्हतं. "नोकरी आपली सांगायला. तुम्ही ती काडी धरलीत ना तोंडात. हे म्हणायचे, मी त्याच्या हाताबरोबर कधी गेलोच नाही. हात उशिरा येतात. गळा आधी सांगतो कुठे जायचंय ते. आता तोच बंद केला तर मी जाऊ कुठे?"

"मला एकदा तरी म्हणायचं त्याने."

"मीही तेच म्हणायची. तर म्हणायचे, काडी काढ असं एकदा सांगून झालंय. पुन्हा पुन्हा काय सांगायचं."

फोन ठेवल्यावर भुंगा रडला, आणि हे रडणं अभिमानाचं नव्हतं. खांबाची त्याला इतकी आठवण तो गेला त्या दिवशीही आली नव्हती. ज्या आवाजाची त्याला जन्मभर लाज वाटली, तो एका माणसाने वाट दाखवणारा म्हणून कान देऊन ऐकला होता. दोन ओळींच्या एका टवाळीसाठी त्याने तो आवाज दाबला आणि त्या माणसाला रस्त्यात एकटं सोडलं. वर त्यालाच वाट चुकलास म्हणून चिडवलं. बायकोने येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिने पलीकडच्या खोलीतल्या फोनवरून सगळं ऐकलं होतं, जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी त्याने आवाजवाल्या मुलीला कळवलं. "पोरी, काही काढू नकोस आणि काही सरकवू नकोस."

"पण सर, मग तुमची चूक राहील."

"राहू दे. माझीच आहे ना. आणि एक कर. शेवटच्या फेरीत गळा घोंगड्यामागे दबलाय, तिथे तो जरा वर काढ. ऐकणाऱ्याला कळायला हवं की बेस कुणाच्या मागे गेला."

ती हसली. "तुम्ही तो आवाज काढून टाका म्हणाला होतात, आता वर काढा म्हणताय."

"हो. आणि त्या पट्टीचं नाव बदल. इतर नको."

रेकॉर्ड आली तेव्हा भुंगा आणि बायको ती घेऊन वहिनींकडे गेले. वहिनींना संगीतातलं काही कळत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. त्यांनी खांबाची खुर्ची ओढून घेतली आणि मांडीवर हात ठेवून ऐकायला बसल्या. यातला यांच्या वाद्याचा आवाज कुठला, एवढंच त्यांनी विचारलं आणि मग सगळ्या चालींत त्या खालच्याच सुरांवर मान हलवत राहिल्या.

'लाइनवर राहा'ची शेवटची फेरी आली. गुणगुण जरा उंच झाली, घरात उतरली. बेस उतरला. हात शेजारी पडले आणि क्षणभराने ओशाळून आत आले.

"हेच ना ते?" वहिनींनी विचारलं. "पेपरात आलेलं? चुकले म्हणाले होते ते?"

"हेच."

"मग चुकले होते का हे?"

"नाही वहिनी," भुंगा म्हणाला. "बरोबर होता तो. माझ्याबरोबर होता."

वहिनींनी मान हलवली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पुन्हा लावा."

भुंग्याने सुई उचलून मागे ठेवली. या वेळी चाल सुरू झाली तेव्हा खुर्चीत बसल्याबसल्या त्याचा गळा रेकॉर्डमधल्या गळ्याबरोबर चालू झाला, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. बायकोने वहिनींकडे पाहिलं. दोघींपैकी कोणीच त्याला सांगितलं नाही.